किमतीचा रिकामा रकाना

“बाजारावर पीएचडी? आमची आय दर रविवारी करती की.”

सेमिनार हॉलबाहेर पाण्याच्या कूलरपाशी दोघं उभे होते. एक हे बोलला आणि दुसऱ्याला पाणी पिता पिता ठसका लागला. दोघंही आमच्याच इतिहास विभागातले, माझ्यामागून संशोधनाला लागलेले. मी दाराच्या आत, थीसिसची काळी प्रत छातीशी धरून उभी होते. त्यांना दिसत नव्हते. अर्ध्या तासात माझी व्हायवा होती. खुली व्हायवा, म्हणजे कुणीही येऊन बसावं आणि कुणीही प्रश्न विचारावा. शाळेत हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणतानाही माझा आवाज बसायचा, आणि आता तासभर बोलायचं होतं.

त्यांच्या बोलण्यानं मी खट्टू झाले. पण जास्त लागलं ते निराळंच. समोरच्या बाकावर माझे पप्पा बसले होते आणि तेही हसले. ते माझे वडील आहेत हे त्या दोघांना माहीत नव्हतं. पप्पांच्या अंगात कंपनीचा निळा शर्ट होता, कारण इथून ते थेट सेकंड शिफ्टला वाळूजला जाणार होते. मांडीवर पेढ्यांचा खोका. निकालाआधी पेढे आणू नका, असं मी तीनदा बजावलं होतं.

ते दोघं गेल्यावर मी बाहेर आले. पप्पा म्हणाले, “खरंय त्याचं, माय. त्याच्या आयला विचारलं असतं तर तुझं एक वरीस वाचलं असतं.”

हे ते उगाच म्हणाले नव्हते.

आम्ही बजाजनगरला राहतो. माझ्या वर्गातल्या बहुतेकांचे वडील शिफ्टवर जायचे आणि मुलं इंग्रजी शाळेच्या व्हॅननं. पप्पांनी मला इंग्रजी शाळेत घातलं ते ठरवून. आजोबा जनावरांच्या बाजारात दलाल होते, बैलांचे सौदे जमवून द्यायचे. पप्पा लहानपणी त्यांच्यामागं बाजारोबाजार हिंडले, मग वाळूजला मशीनवर लागले आणि त्यांनी तो धंदा मागं सोडला. शाळेत आजोबांचा व्यवसाय लिहायचा होता तेव्हा मी ‘फार्मर’ लिहिलं. कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. दलाल हा शब्द मी सिनेमात ऐकला होता आणि तिथं तो चांगल्या माणसासाठी वापरत नव्हते.

इतिहासाकडं मी वळले ती घरच्यांच्या लेखी चूकच होती. कॉमर्सला जायचं ठरलं होतं. पण गुलमंडीतून, शहागंजातून जाताना मला दुकानांपेक्षा ती नावंच जास्त दिसायची. गंज म्हणजे धान्याचा बाजार, मंडी म्हणजे बाजार, हे कळलं तेव्हा आपण इतकी वर्षं बसमधून जुन्या बाजारांच्या मधूनच जात होतो, असं वाटलं. एम.ए. झालं आणि मी विषय घेतला मध्ययुगीन दख्खनमधल्या पेठा आणि आठवडी बाजार. तीन-चारशे वर्षांपूर्वी बाजार कसा भरत असेल, कोण कुठं बसत असेल, जकात कोण आणि कशावर घेत असेल.

त्यासाठी मोडी शिकावी लागली. एका निवृत्त शिक्षकांकडं आम्ही आठ-दहा जण जायचो. मराठी माध्यमातली मुलं सुरुवातीला माझ्याकडं बघून हसायची, कारण मला ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत अजूनही क्षणभर थांबावं लागतं. पण मोडीत शब्द तोडत नाहीत, ओळ सलग पळत जाते, आणि तिच्यापुढं आम्ही सगळेच पहिलीत होतो. सहा महिन्यांनी सर नवा कागद फळ्याला लावायचे आणि वर्गात शांतता पसरली की माझ्याकडं बघायचे. मी हळू आवाजात वाचायचे. हसणं बंद झालं होतं. या गोष्टीचा मला आजही अभिमान आहे.

कागद वाचता येऊ लागल्यावर बाजार दिसायला लागला. नवी पेठ वसवायची असली की व्यापाऱ्यांना कौल दिला जायचा: या, दुकानं मांडा, इतकी वर्षं जकात माफ. हे मी एकदा जेवताना घरी सांगितलं तेव्हा पप्पा म्हणाले की आमची कंपनी पण अशीच आली होती वाळूजला. घरी मी कामाबद्दल बोलायचे ते एवढंच. पुढं काही विचारलं तर ‘ते कॉम्प्लिकेटेड आहे’ म्हणायचे.

जनावरांच्या बाजाराचं प्रकरण लिहायला घेतलं तिथं गाडी अडली. जकातीचे कागद भरपूर होते. बैलामागं इतकं, म्हशीमागं इतकं, सगळं नीट. मी लॅपटॉपवर तक्ता केला: गाव, जनावर, जकात, किंमत. पहिले तीन रकाने भरत गेले, चौथा रिकामाच. बैल विकला म्हणून लिहिलंय, कुणी कुणाला विकला तेही एखाद्या ठिकाणी सापडतं, पण केवढ्याला, ते नाही. मी गृहीत धरलं की किमतींची कागदपत्रं हरवली. वर्षभर ती शोधत होते. लोकांच्या घरी गेले, ट्रंका उघडल्या, धुळीनं शिंका काढल्या. काहीच मिळालं नाही. मग मसुद्यात लिहून टाकलं की साधनं अपुरी आहेत, नोंदी निष्काळजीपणे ठेवल्या गेल्या असाव्यात. मार्गदर्शक मॅडमनी ते वाक्य वाचून नुसतं ‘हं’ केलं. त्यांचं ‘हं’ म्हणजे होकार नसतो.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मी तो तक्ता बघत बसले होते. पप्पा चहाचा कप घेऊन मागं येऊन उभे राहिले. मला मागं कुणी उभं राहिलेलं आवडत नाही. त्यांनी वरचं इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, हे ‘प्राइस’खाली सगळं मोकळं का सोडलंय. मी तोडून सांगितलं की लिहून ठेवलेलं नाही म्हणून.

“कोण लिहील?” ते म्हणाले. “किंमत बोलतंय कोण तिथं?”

मी वळून बघितलं. त्यांनी कप ठेवला, मशीन पुसायचं पिवळं फडकं खिडकीतून घेतलं, माझ्या हातावर टाकलं आणि त्याखाली माझी दोन बोटं धरून दाबली. मग तीन. मग चौथं बोट अर्ध्यावर मुडपलं. बघणाऱ्याला फक्त फडकं हलताना दिसलं असतं. बैलाचा सौदा असाच होतो, ते म्हणाले. घेणारा दलालाच्या हातात बोटं देतो, दलाल विकणाऱ्याच्या. शंभरातलं बोलणं आहे की हजारातलं, ते जनावर बघून दोघांना कळतंच. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही, आणि कळू द्यायचंही नसतं.

मी वर्षभर जे शोधत होते ते हरवलेलं नव्हतं. ते कधी बोललंच गेलं नव्हतं. आणि हे माझ्या घरात, गॅसच्या शेगडीपासून चार पावलांवर बसणाऱ्या माणसाला माहीत होतं.

पुढच्या बाजारी आम्ही मोटारसायकलवर निघालो. चितेगाव मागं टाकलं, पैठण रस्त्यावरच्या एका गावाच्या माळावर बाजार भरला होता. ट्रॅक्टरांमुळं आता बैल कमी येतात म्हणतात, तरी मला ते पुष्कळच वाटले. बाया जवळजवळ नव्हत्याच. मी ओढणी डोक्यावर घेऊन पप्पांच्या मागं मागं होते. एकानं विचारलं, पोरीला गाय घ्यायला आणलंय का. पप्पा म्हणाले, “गाय नाय, ती आख्खा बाजारच न्यायला आलीय.” हशा झाला. एरवी मी अशा वेळी जमिनीत जाते. त्या दिवशी मीही हसले.

तिथं एक म्हातारे दलाल भेटले. खांद्यावर चौकड्याचा रुमाल. त्यांनी पप्पांना चेहऱ्यावरून नाही, हात हातात घेतल्यावर ओळखलं. म्हणाले, तुझ्या बापाची बोटं लांब होती, पण चुकीचं बोट कधी दिलं नाय त्यानं. मी त्यांना विचारलं, समजा दलालानं मधेच खोटं सांगितलं तर? रुमालाखालचं कोण बघणार? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. एकदा खोटी बोटं दिली की पुढच्या बाजारी त्याला कुणी हात देत नाय, आणि हात नाय तर दलाल कशाचा.

मला एक सौदा शेवटपर्यंत समजून घ्यायचा होता. पण परक्या बाईमाणसाचा हात रुमालाखाली धरायला म्हातारे तयार होईनात, आणि तेही बरोबरच होतं. मग त्यांनीच वाट काढली. सौद्यातली प्रत्येक बोली ते पप्पांच्या हातात द्यायचे आणि पप्पा माझ्या ओढणीखाली ती मला. एका खिलारी बैलजोडीचा सौदा असा मी बोटांनी वाचला. किंमत चढली, अडकली, अर्ध्या बोटावर येऊन थांबली. आजूबाजूला चहा, शिव्या, पावसाच्या गप्पा चालल्या होत्या, आणि खरं बोलणं माझ्या तळव्यात चाललं होतं. मोडीचा पहिला कागद सुटला तेव्हा झालं होतं तसं झालं मला.

विसरू नये म्हणून मी वहीच्या कोपऱ्यावर आकडे लिहिले. म्हाताऱ्यांनी ते पाहिलं, कोपरा फाडला आणि चुरगाळून खिशात टाकला. चिडले नव्हते. घेणारा नि विकणारा बाजाराबाहेर पडेस्तोवर लिहायचं नसतं, एवढंच म्हणाले. दुसऱ्या विकणाऱ्याला कळलं तर त्याचा बैल अडतो. पावतीचं काय, विचारलं, तर हसले. पावतीवर एक आकडा असतो, आणि बोटांत एक असतो.

घरी येऊन मी ते निष्काळजीपणाचं वाक्य खोडलं. नव्यानं लिहिलं की किमतीचा रकाना रिकामा आहे कारण तो रिकामा ठेवला जायचा. आणि जकात किमतीवर न घेता जनावरामागं घेत, याचं एक कारण हेही असू शकतं की किंमत जकात घेणाऱ्यालाही कळत नसे. जनावर दिसतं, मोजता येतं. सौदा दिसत नाही. मॅडमनी हे वाचून ‘हं’ केलं नाही. खुर्ची पुढं ओढली.

फक्त तळटिपेत मी लिहिलं, ‘स्थानिक माहितीदार’. पप्पांना दाखवलं नाही. वडिलांची साक्ष कोण मानेल, असं मी स्वतःला सांगितलं. शाळेतल्या त्या ‘फार्मर’नंतर किती वर्षं गेली होती, पण लिहिणारा हात तोच होता.

व्हायवात मी पहिली चाळीस मिनिटं बरी बोलले. परीक्षक दुसऱ्या विद्यापीठातून आलेले, वयस्क, सौम्य. माझ्या प्रतीला त्यांनी बऱ्याच चिठ्ठ्या लावल्या होत्या. मोडीचं वाचन त्यांनी मोकळेपणानं वाखाणलं. मॅडमच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा उघड हसू पाहिलं. मग ते जनावरांच्या बाजारावर आले. इंग्रजीतून मराठीत आले आणि म्हणाले की संपूर्ण प्रबंधात हा मुद्दा सर्वांत नवा आहे, आणि सर्वांत कच्चाही. कागद गप्प आहेत, ते ठीक. पण आजचा सौदा तुम्ही पुरावा म्हणून आणताय. विकणाऱ्याचा हात तुम्ही धरला नाही, दलालाचाही नाही. रुमालाखाली काय झालं ते तुम्हाला तिसऱ्याच माणसानं सांगितलं, आणि त्याला नाव नाही. “हा माहितीदार कोण? आणि त्याच्यावर मी का विश्वास ठेवू?”

प्रश्न रास्त होता. नाव दिलं नाही तर मुद्दा काढावा लागला असता. दिलं, तर घरच्या माणसाला साक्षीदार केलं असं झालं असतं, तेही सगळ्या विभागासमोर. कूलरजवळचे ते दोघं दुसऱ्या रांगेत होते. मॅडम माझ्याकडं बघत होत्या. त्यांनाही मी सांगितलं नव्हतं. अगदी मागं, दाराजवळच्या खुर्चीत, निळा शर्ट. व्हायवा संपायच्या आत शिफ्टची बस निघून जाईल हे त्यांना ठाऊक होतं, तरी उठले नव्हते. परीक्षक मराठीत बोलायला लागल्यापासून ते खोका सावरून पुढं वाकून ऐकत होते. तळटीप त्यांना आत्ता कळली असणार. त्यांनी मान खाली घातली नाही, मला खूणही केली नाही. सौद्यात दलाल असाच बसतो. बोट द्यायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

मी थीसिस टेबलावर ठेवला. हात मोकळे झाल्यावर आवाजही मोकळा झाला, आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

“ते माझे वडील आहेत, सर. ते मागं बसलेत. माझे आजोबा जनावरांच्या बाजारात दलाल होते, आणि त्यांनी कधी खोटं बोट दिलं नाही म्हणून त्यांच्या मुलाच्या हातात त्या दिवशी बाजारानं बोटं दिली. मला त्या तळटिपेत त्यांचं नाव घालायचंय.”