सातुर्निनाने न लिहिलेला शब्द

पेरूच्या डोंगरातल्या त्या गावात बायकांचा स्पॅनिशचा वर्ग दर गुरुवारी शाळेच्या ओसरीवर भरे. सगळ्यांची बोली केचुआ, पण सरकारचे अर्ज स्पॅनिशमध्ये. सरकारला आपली भाषा शिकवायची तर जन्म पुरायचा नाही, म्हणून बायकाच शिकत होत्या. त्यांत अडुसष्ट वर्षांची सातुर्निना सगळ्यांत हुशार. घर, मुलगी, बटाटा, सही, सगळे शब्द तिने महिन्याभरात घोटून टाकले. अडली ती एकाच शब्दाशी. विउदा, म्हणजे विधवा.

शिकवायला तिचीच भाची होती, एउसेबिया. "मावशी, नवरा असेल ती एस्पोसा. गेला असेल ती विउदा. आधी आपलं नाव, मग 'विउदा दे', मग नवऱ्याचं आडनाव. असं लिहायचं."

"आणि नवरा कुठे आहे हेच ठाऊक नसेल तिने?"

एउसेबियाकडे त्याला शब्द नव्हता. सातुर्निनाने वहीत एस्पोसा लिहिलं.

"अगं, पस्तीस वर्षं झाली!" शेजारची पाउलिना म्हणाली. तिच्या जिभेला हाड नव्हतं. "मीठ आणायला गेलाय का तुझा तेओफिलो?"

"तुझा तर घरातच असतो, तरी तू कुठे सुखात आहेस?"

ओसरी हसली. पाउलिनाही हसली.

तेओफिलोला गणवेशातल्या माणसांनी शेतातून उचलून नेलं होतं. इकडे माणूस गेला की पाचव्या दिवशी त्याचे कपडे नदीवर धुतात. तोवर त्याची वाट मोकळी होत नाही. तेओफिलोचे कपडे सातुर्निनाने धुवू दिले नव्हते. मेल्याचं कुणी दाखवलं नाही, मग धुवायचे कशाला? लोक तिला वेडी म्हणत. मला विचाराल तर तिचंच बरोबर होतं.

मे महिन्यात खिंडीजवळ, तशाच उचलून नेलेल्या माणसांना पुरलेला एक खड्डा उकरला गेला. सापडलेले कपडे पांढऱ्या कागदांवर मांडून ठेवले होते, आणि गावोगावच्या बायका त्यांच्यामधून सावकाश चालत होत्या. सातुर्निना एका स्वेटरपाशी थांबली. स्वेटर तपकिरी, कोपरावर पिवळ्या लोकरीचं रफू.

"तपकिरी लोकर संपली होती," तिने तिथल्या तपासनीस मुलीला सांगितलं. "तो म्हणाला, पिवळी लाव, मला कोण बघतंय."

हाडं छोट्याशा पेटीतून घरी आली. पुरल्यानंतर पाचव्या दिवशी त्याचे घरातले कपडे नदीवर नेले. बायकोने त्यांना हात लावायचा नसतो, म्हणून पाउलिना पुढे झाली. जन्मभर टोमणे मारणारी ती बाई हुंदके देत एकेक कपडा चोळत होती. सातुर्निना काठावर बसून होती. पस्तीस वर्षं जपलेला नवऱ्याचा वास साबणाच्या पाण्याबरोबर खाली वाहत गेला. तिला तो अडवता आला नाही.

पुढच्या गुरुवारी ती वर्गाला आली. तिने वही उघडली, ठळक अक्षरांत एक ओळ लिहिली आणि भाचीपुढे सरकवली. सातुर्निना कोराहुआ विउदा दे वामानी.

एउसेबियाने वाचलं. तिचे डोळे भरून आले. "बरोबर आहे, मावशी. एकही चूक नाही."

"नीट बघ गं पोरी," सातुर्निना म्हणाली. "कुठेतरी चुकलं असेल."