खानापुरे सरांचा अमेरिकन फोन

खानापुरे सरांच्या शर्टाला दोन खिसे असत आणि दोन्ही खिशांत एकेक फोन असे. डाव्या खिशातला बटणांचा, रबर लावून बांधलेला. तो वाजायचा. उजव्या खिशातला काळा, चकचकीत, काचेचा. तो कधीच वाजत नसे. कोणी वेळ विचारली की सर भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे असले तरी उजव्या खिशात हात घालत, काचेवरून हळूच बोट फिरवत आणि सांगत, "पावणेबारा. अमेरिकेचा हाय, चुकत न्हाई."

फोन कुणी दिला असं विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं. "लेकीनं धाडलाय." जावयाचा उल्लेख त्यात नसे.

मी नांदेडहून लातूरला एका खासगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला आले, तेव्हा सर तिथे रसायनशास्त्राचे जुने जाणते होते. उंच, सडसडीत, कपाळावर विभूतीची फिकट रेघ आणि खडूने पांढरी झालेली उजवी बाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "शेख बाई, इथं पोरं डॉक्टर व्हायला येतात. समदीच होत न्हाईत. पण होणार, असं त्येंच्या आईबापाला फी भरंपर्यंत वाटत राह्यलं पायजे." मी हसले. सर हसले नाहीत. आमच्या गल्लीत तेव्हा इतके क्लास होते की एकच गुणवंत मुलगी शेजारशेजारच्या तीन फलकांवर हसताना दिसायची, आणि तिन्ही क्लास तिला आपलीच म्हणायचे.

सर शिकवायला लागले की मागच्या बाकावरचा पोरगाही पुढे सरकून बसे. कार्बन हा त्यांचा आवडता विषय. दोन्ही हात पसरून ते म्हणत, "कार्बनला हात चार. ज्यो भेटंल त्येचा हात धरतंय. तू कोण, कुठला, आडनाव काय, इचारीत न्हाई. म्हणून तर जग चाललंय बाबांनो." भूकंपात त्यांचं औशाकडच्या गावातलं घर पडलं होतं, आई त्यात गेली होती. दर वर्षी त्या दिवशी ते अर्धा तास पुस्तक मिटून ठेवत आणि पत्र्याच्या शेडमधले दिवस सांगत. "तितं कुणी कुणाची जात इचारली न्हाई. ज्येच्या हाताला भाकर लागली, त्येनं मोडून शेजाऱ्याला दिली. म्या तवाच ठरीवलं, आपल्यापुरतं हे जातपातीचं खूळ संपलं." मुलं टाळ्या वाजवत. सर हे सगळं मनापासून बोलत, त्यात नाटक अजिबात नव्हतं.

फक्त त्यांची मुलगी अश्विनी हिने ते जरा जास्तच मनावर घेतलं.

मिलिंद कांबळे हा शिरूर अनंतपाळचा मुलगा. घर बौद्ध, वडील शाळामास्तर. सरांच्या हाताखालून गेलेल्या पोरांमध्ये त्यांचा सगळ्यात लाडका. परीक्षेच्या दिवशी सर त्याला स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून केंद्रावर घेऊन गेले होते आणि दारातल्या शिपायाला म्हणाले होते, "माझं पोरगं हाय, आत जाऊ द्या." पुढे मिलिंद आणि अश्विनी दोघंही पुण्यात इंजिनिअर झाले, दोघांनाही अमेरिकेत नोकरी लागली आणि दोघांनीही लग्न करायचं ठरवलं. सर म्हणाले, "माझं काही न्हाई. पण समाज काय म्हनंल?"

समाज म्हणजे नेमकं कोण, असं त्यांच्या बायकोने, महानंदाकाकूंनी, विचारलं. सरांनी बराच विचार करून एका चुलतभावाचं नाव सांगितलं. त्या चुलतभावाशी त्यांचं शेताच्या बांधावरून कित्येक वर्षं बोलणं नव्हतं.

लग्न पुण्यात झालं. काकू भावाला सोबत घेऊन गेल्या. सर त्या दिवशी लातुरात जादा तास घेत होते. तासाला विषय कोणता होता, हे मी मुद्दामच कुणाला विचारलं नाही.

नंतर एकदा मधल्या सुट्टीत चहा पिताना त्यांनी मला हळूच विचारलं, "शेख बाई, तुमच्यात कसं असतंय, असलं काही झालं तर?"

"आमच्यातबी असंच सर," मी म्हणाले. "आधी समाज. मग बीपीची गोळी."

सरांना ते पटलं. "म्हंजे प्रयोग कुठंबी करा, उत्तर एकच," ते म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

अश्विनीचा फोन दर रविवारी घरी यायचा. ती आधी आईशी बोलायची, मग वडिलांशी. हवा, तब्येत, जेवण एवढंच बोलणं व्हायचं. तिच्या बोलण्यात "मिलिंदने" हा शब्द आला रे आला की सर म्हणत, "ते सोडून बोल." ती ते सोडून बोलायची. मग बोलण्यासारखं फारसं उरायचं नाही.

अशात तिने कुणाच्या तरी हाती तो काचेचा फोन पाठवला. सरांनी कौतुकाने सिम कापून घेतलं, आत बसवलं, आणि फोनने सरळ सांगितलं की हे सिम मला चालत नाही. गल्लीतल्या दुकानदाराने फोन उलटसुलट करून पाहिला. "सर, तिकडं कंपनी स्वस्तात फोन देती, पण कुलूप लावून. तिचं सोडून दुसऱ्या कुणाचं सिम त्यात चालत न्हाई."

"म्हंजे ह्यो फोन न्हाई," सर म्हणाले, "सालगडी हाय!"

सालगड्याला सोडवायचं त्यांनी मनावर घेतलं. लातुरात एकाने सिमखाली कागदासारखी पातळ पट्टी सरकवून दिली. तिने दोन दिवस नेटवर्क आलं, तिसऱ्या दिवसापासून फोन नुसता शोधत राहिला. दुसऱ्याने पट्टी काढून दुसरी घातली. मग मीच म्हणाले, नांदेडला माझा मामेभाऊ जावेद मोबाईलचं दुकान चालवतो, त्याला दाखवू. पुढच्या सुट्टीला सर माझ्यासोबत एसटीत बसले. घरी त्यांनी सांगितलं होतं की नांदेडच्या एका क्लासने व्याख्यानाला बोलावलंय.

जावेदने फोन मशीनला जोडला आणि मान हलवली. "सर, उगं पट्ट्या घालून खराब करून राहिलाव. सरळ रस्ता हाय. ज्याच्या नावावर फोन घेतला, त्यानं कंपनीला अर्ज करायचा. करार संपला असंल तर कंपनी स्वतःच कुलूप काढती."

"नावावर कुणाच्या हाय, ते कसं कळावं?"

"लेकीला इचारा की."

सरांनी तिथूनच अश्विनीला फोन लावला. तिकडे पहाट असावी, आवाज झोपेतला होता. "बाबा, फोन मिलिंदच्या नावावर आहे. आणि त्याने तर..."

"बरं बरं. झोप तू," म्हणून सरांनी फोन बंद केला. मग जावेदकडे वळून विचारलं, "दुसरा रस्ता?"

जावेदने माझ्याकडे पाहिलं. मी दुकानातल्या कव्हरांकडे पाहिलं. निघताना त्याने सरांना अर्धापूरच्या केळ्यांची फणी बांधून दिली. बसमध्ये सर म्हणाले, "चला, केळी तरी मिळाली."

दुसरा रस्ता हैदराबादला निघाला. सरांचा एक जुना विद्यार्थी तिथे असायचा. त्याने कसलंसं सॉफ्टवेअर टाकून फोन उघडून दिला आणि बजावलं की फोन काहीही विचारो, हो म्हणायचं नाही. आठवडाभर सर राजासारखे वावरले. दोन्ही खिसे वाजत होते. मग एका सकाळी फोनवर निरोप आला की नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का? सरांनी हो म्हटलं. फोन पुन्हा कुलूपबंद झाला, आणि या वेळी वेळसुद्धा दाखवेना.

"सर, नको म्हणलं होतं ना त्याने," मी म्हणाले.

"अमेरिकेहून एवढं इचारायले, बाई. न्हाई कसं म्हनावं?"

गंमत म्हणजे मुलांचे मोबाईल जप्त करण्याचं काम क्लासने सरांकडेच दिलेलं होतं. एकदा एका मुलीने फोन देता देता म्हटलं, "सर, तुमच्याकडं तर दोन हायत." सर शांतपणे म्हणाले, "त्यातला एक तुझ्यासारखाच हाय. काही इचारलं की गप."

मग ती दुपार आली. आम्ही शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत होतो. डाव्या खिशातला फोन वाजला. परदेशातला नंबर होता आणि वार मंगळवार. सर चपापले. रविवारशिवाय तिकडून कधी फोन येत नसे.

"सर, मी मिलिंद," पलीकडून आवाज आला. खोलीत इतकी शांतता होती की तो मलाही ऐकू आला. "अश्विनी बरी आहे. मुलगी झाली. दिवस भरायच्या आत झाली, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलंय."

सरांनी लगेच विचारलं, "वजन?"

मिलिंदने सांगितलं.

"श्वास?"

"स्वतःचा घेतेय, सर. डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही."

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, इतक्या दिवसांचं साठलेलं. पण त्यांनी उजव्या खिशातला मुका फोन काढून टेबलावर ठेवला, त्याच्याकडे बघत घसा खाकरला आणि म्हणाले, "त्ये... फोनच्या कुलपाचं. तिकडून अर्ज करावा लागतंय म्हणं."



"सर, अर्ज मी फोन पाठवायच्या आधीच केला होता. कंपनीने मंजूरही केलाय. फोन एकदा कॉम्प्युटरला जोडून कोरा करून घ्यायचा, लगेच उघडेल. अश्विनी प्रत्येक रविवारी सांगायला बघत होती."

सरांचे कान लाल झाले. हातातला लाल पेन त्यांनी उगाच उघडला, मिटला. अखेर ते तापून म्हणाले, "मंग पयलंच सांगायचं न्हाई का!"

"हो सर," मिलिंद म्हणाला. "आमचंच चुकलं."

फोन ठेवल्यावर सर काकूंना सांगायला घरी निघाले, ते चालतच. स्कूटर संध्याकाळपर्यंत क्लासच्या दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या कॉम्प्युटरला फोन जोडला. बराच वेळ एक रेघ सरकत राहिली आणि मग पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटली: अभिनंदन, तुमचा फोन खुला झाला आहे. सरांनी चष्मा वर करून ते वाचलं. "ह्ये अभिनंदन कुणाचं करून राहिलेत? म्या तर काहीच केलं न्हाई." खुल्या झालेल्या फोनवर पहिला कॉल आला तो विमा विकणाऱ्या पोराचा. सरांनी त्याला घरदार, गाव, शिक्षण सगळं विचारलं आणि नात झाल्याचं सांगितलं. शेवटी त्या पोरानेच कंटाळून फोन ठेवला.

दुपारी मिलिंदने नातीचा फोटो पाठवला. पेटीत झोपलेला मूठभर जीव, तोंडावर नळी आणि चिकटपट्टी. सर तो फोटो शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना दाखवत फिरले. मला म्हणाले, "नाक आमच्याकडचं हाय बगा, बाई." चिकटपट्टीखाली नाक दिसतच नव्हतं. मी म्हणाले, "हाव सर, डिट्टो."

सर आता नाहीत. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. त्यांचे विद्यार्थी भेटले की कार्बनचे चार हात आणि भूकंपाची गोष्ट सांगतात, आणि त्या तोंडपाठ वाक्यांत मलाही सर दिसतात. पण मला जास्त आठवते ती मिलिंद पहिल्यांदा लातूरला आला तेव्हाची सकाळ.

नात तेव्हा पावलं टाकायला लागली होती. सर मिलिंदला घेऊन भरल्या वर्गात आले. अश्विनी लेकीला कडेवर घेऊन माझ्याजवळ, दारात थांबली. सरांनी मुलांना सांगितलं, "ह्यो मिलिंद कांबळे. शिरूर अनंतपाळचा. माझा विद्यार्थी. आज अमेरिकेत मोठ्या हुद्द्यावर हाय." एवढं बोलून थांबले. पुढचा शब्द आला नाही. अश्विनीचा चेहरा उतरलेला मला दिसला. मिलिंद मात्र हसतमुख उभा होता. सरांची त्याला सवय होती.

सरांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा मिलिंदकडे. मग स्वतःची खुर्ची ओढली, खिशातला रुमाल काढून तिच्यावरचा खडू स्वच्छ पुसला आणि म्हणाले, "बसा ना तुम्ही. उभे कामून?"

लातुरातला कुठला मास्तर विद्यार्थ्याला अहोजाहो करतो? वर्गात खसखस पिकली. पहिल्या बाकावरची मुलगी शेजारणीच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "अगं, जावई असतील सरांचे."

सर खडू घेऊन फळ्याकडे वळले होते. ते वळलेलेच राहिले. कडेवरच्या पोरीने "आबा" म्हणून हाक मारली.

"हाव, हायत," सर फळ्याकडे तोंड करूनच म्हणाले. "लिव्हा आता पुढं."