कालचाच प्लॅन

एका छोट्या विमान कंपनीचा कोल्हापूर विमानतळावरचा माणूस मी. आमच्या विमानांचे फ्लाइट प्लॅन भरून कंट्रोल टॉवरकडे पाठवायचे, हे माझं काम. विमान कुठून येणार, कधी येणार, त्यात कोणकोणती यंत्रं आहेत, सगळं त्यात लिहावं लागतं. खरं सांगायचं तर रोज नव्यानं मी कधीच लिहिलं नाही. कालचा प्लॅन उघडायचा, तारीख-वेळ बदलायची, काम फत्ते. वर त्या चलाखीची मिजासही होती.

त्या जुलैत राजारामपुरीतल्या एका बाईंना मेंदूतल्या रक्तस्रावामुळे तातडीनं मुंबईला न्यायचं होतं. आमचं विमान पुण्याहून त्यांना घ्यायला येणार होतं. सकाळीच पायलटचा फोन आला, "उपग्रहावरून वाट दाखवणारं यंत्र बंद पडलंय. प्लॅनमधून काढा." मी हो म्हणालो. तेवढ्यात दुसरा फोन वाजला, मग चहा आला, आणि मी कालचाच प्लॅन तारीख बदलून पाठवून दिला.

ढग पार खाली आले होते. अशा दिवशी टॉवरमधले साहेब प्रत्येक प्लॅन डोळ्यांत तेल घालून वाचत. ते यंत्र नसलेलं विमान येणार असेल तर लगेच कळवत, "या ढगात उतरता येणार नाही, दुसरी सोय बघा." त्या दिवशी त्यांचा फोन आला नाही. येणार कसा? कागदावर यंत्र ठणठणीत होतं. टॉवरची हरकत नाही म्हणून पायलटही निघाला.

दोन तास अँब्युलन्स विमानतळावर उभी होती. बाईंचा नवरा माझ्या शेजारी मान वर करून उभा. डोक्यावर विमानाचा आवाज आला, दिसत काहीच नव्हतं.

"पावणं, आवाज येतोय की! उतरंना का?"

टॉवरनं उपग्रहाच्या आधारे उतरायला सांगितलं, तेव्हा पायलट म्हणाला, यंत्रच बंद आहे. दोन घिरट्या घालून विमान परत गेलं. अँब्युलन्स रस्त्यानं निघाली. साताऱ्याच्या अलीकडेच बाई गेल्या. ते दोन तास मी खाल्ले, दुसऱ्या कुणी नाही.

पंधरवड्यानं त्यांचा नवरा मुद्दाम मला भेटायला आला. माझा हात धरून म्हणाला, "तुमी लई धडपड केलीसा. ढगच आडवं आलं, त्याला कोण काय करणार?"

खरं सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "व्हय, ढगच."