सरांची कंबर आणि उत्तर दिशा

गोखिवऱ्यातल्या एका गाळ्यात आम्ही मच्छीमार बोटींसाठी दिशा दाखवणारी डबी बनवायचो. डबीत दोन सेन्सर. एकाला पृथ्वीचं चुंबकत्व कळायचं, त्यावरून तो उत्तर दिशा सांगायचा. दुसऱ्याला डबी किती वळली, किती कलली ते कळायचं. या दोघांचं एकमत घडवून आणणं हे माझं काम. डबी काटकोनात वळवली तर दोघांनीही नव्वद अंशच म्हणायला हवं. पण शेजारच्या गाळ्यात दिवसभर लोखंडी पत्रे कापायचे, त्यामुळे आमच्या पहिल्या सेन्सरला उत्तर दिशा रोज नव्या ठिकाणी सापडायची.

शेवटी माझा सहकारी म्हणाला, "आमच्या काकीच्या वाडीत जाऊया. तिथे लोखंड नाही."

खाडीकडची भाजीची वाडी. केळींच्या सावलीत लाकडी टेबल मांडलं. डबी लाकडी खोक्यात घट्ट बसवली आणि खोकं एकेका बाजूवर उलटवत आकडे घेतले. मग मी खोकं हातात धरून हवेत इंग्रजी आठाचा आकडा काढायला लागले.

भेंडी तोडता तोडता काकी थांबली. "पानी शोधतेस काय गो?"

"नाही काकी. उत्तर दिशा."

"हरवली काय?"

दुपारपर्यंत दोन्ही सेन्सर इतके गोडीने वागायला लागले की मी सरांना फोन करून बोलावलं. सर म्हणजे आमचे मालक. विज्ञानावर कडवी श्रद्धा. ऑफिसात कुणी दाराला लिंबू-मिरची बांधली तरी अर्धा तास भाषण.

सरांनी गाडी लांब रस्त्यावर ठेवली, चालत आले, टेबलाला टेकून वाकले. उत्तर दिशा सरकली.

"हे दाखवायला बोलावलंत मला?"

ते चहा घ्यायला ओट्यावर गेले. दिशा जागेवर आली. ते परत आले. दिशा पुन्हा सरकली, यावेळी दुसऱ्या बाजूला.

"सर, खिशात काही आहे का?" मी विचारलं.

किल्ल्या निघाल्या, मोबाइल निघाला, घड्याळ, बकलाचा पट्टा. पँट एका हाताने धरून सर पुन्हा टेबलाशी उभे राहिले. दिशा ढिम्म ऐकेना. सरांचा चेहरा मात्र हळूहळू लाल होत गेला. एकाएकी ते केळींच्या मागे गेले आणि बाहेर आले तेव्हा हातात चार बोटं रुंदीचा काळा पट्टा होता. आत ओळीने चुंबकं शिवलेली.

"प्रदर्शनात मिळाला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "कंबरेला फरक पडतो."

सहकारी गंभीरपणे म्हणाला, "डबीलाही पडतो, सर."

मी हसू दाबायला खोक्याआड तोंड लपवलं. सरच आधी हसले, मग आम्ही सुटलो.

त्यानंतर काम झटपट झालं. दोन्ही सेन्सरमध्ये एका अंशाचाही फरक उरला नाही. काळ्या पट्ट्याविना सरांना मात्र खुर्चीतून उठवेना. इकडे काकीने तोच पट्टा आपल्या गुडघ्याला गुंडाळून पाहिला होता आणि ती ओट्यावरून दोनदा खाली-वर करून आली.

"बरा वाटतो हो," ती सरांना म्हणाली. "र्‍हाऊ दे काय इथं चार दिवस?"

तिच्या वाडीत बसून, तिचा चहा पिऊन नाही म्हणायची सरांची छाती झाली नाही. परतताना गाडी मी चालवली. सर मागच्या सीटवर आडवे झाले होते आणि प्रत्येक खड्ड्याला मला सांगत होते, "हळू, हळू."