लिंबाएवढं भोक

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तीन वर्षं दाबून ठेवलं. गेल्या महिन्यात दोन बायकांपुढे तोंड उघडलं, तिसऱ्यानं ते दारात उभं राहून ऐकलं — आणि आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही म्हणाल, असं काय मोठं? मोठं नाहीच. एक हँडल आहे. पितळी रंगाचं, प्लॅस्टिकचं, बोटभर लांब. माझ्या दुकानाच्या खणात, जुन्या कॅटलॉगांच्या मागे, ते तीन वर्षं पडून होतं.

तिथं कसं आलं? माझ्याच हातानं. एका नव्याकोऱ्या गाडीतलं कपाट उघडायला गेलो, तर दार राहिलं जागेवर आणि हँडल आलं माझ्या मुठीत. सोबत चिमूटभर भुसा. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि ते खिशात टाकलं. बावन्न वर्षांचा माणूस, दोन लेकरांचा बाप — आणि वागणं शाळेतला खडू चोरल्यासारखं.

पण थांबा. मी कोण, गाडी कुणाची, ते आधी सांगायला पाहिजे.

बीडमध्ये माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. वायर, बटणं, पंखे, असलं सगळं. स्वभाव म्हणाल तर संशयी. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचल्याशिवाय चहा पीत नाही. एसटीत कंडक्टरनं तिकीट दिलं की गावाचं नाव, तारीख, सगळं वाचून मगच खिशात. माझी बायको शोभा याच्या बरोबर उलट. तिनं लग्नापासून आजवर माझी कुठलीच गोष्ट तपासून घेतली नाही. ‘केलं’ म्हटलं की केलं. मला मात्र म्हणायची, “अवो, सगळं जग काय तुमालाच फसवायला उठलंय का?” नातेवाइकांत माझ्या संशयाचा उपयोग होता. कुणी काही विकत घ्यायचं म्हटलं की मला सोबत न्यायचे — सोनं पारखायला कसोटीचा दगड काढतात तसं.

तर, गाडी माझ्या मेहुण्याची. राजा त्याचं नाव, शिरूर कासारला खत-बियाण्यांचं दुकान. त्याची आई म्हणजे माझी सासू. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. मामींना बारा ज्योतिर्लिंगं बघायची होती. सत्तरी उलटून पुढं गेलेल्या, पंच्याहत्तरीनंतर एसटी तर फुकटच झाली — पण एसटीत मोरी नसते. मामींना दर अर्ध्या तासाला जावं लागायचं. हे त्या कुणाला बोलायच्या नाहीत, फक्त लग्नाकार्याला येणं बंद केलं होतं. मग राजानं कुठंतरी मोबाईलवर ती गाडी बघितली. आत पलंग, ओटा, कपाटं, आणि मागं छोटी मोरी. चाकांवरचं घर. शिरूरचे लोक तिला नंतर ‘घरगाडी’ म्हणायला लागले. मामींना फोटो दाखवला तर त्या म्हातारीनं मोरीच्या फोटोवरच बोट ठेवलं आणि हसली. असं हसू मी त्यांच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं.

घाटापलीकडच्या एका कारखान्यात गाडी ताब्यात घ्यायला राजा आणि मी गेलो. जाताना सगळ्या रस्त्यानं माझंच तोंड चालू. “राज्या, मी असल्यावर तुला कोण गंडवतंय? पंचवीस वर्षं वायर विकतोय बे.” तिथं पोचल्यावर मी जे सुरू केलं — टायरांना लाथा, काचांवर टिचक्या, गादी दाबून बघ, नळ सोडून बघ. टायवाला मॅनेजर मागं मागं, ‘सर, सर’ करत. मला त्या ‘सर’चाही संशय आला, पण गोडही वाटला. शेवटी तो राजाला घेऊन कागदपत्रांकडे गेला, मी गाडीत एकटा राहिलो, आणि ते हँडल निघालं.

आता खरी गोष्ट. हँडलच्या जागी लिंबाएवढं भोक पडलं होतं. मी मोबाईलची बॅटरी लावून आत डोकावलो.

आत कपाटाच्या मागून वायरींचा जुडगा गेला होता. पाइप नाही. पत्रा कापून केलेल्या फटीतून थेट ओढलेला, आणि त्या पत्र्याची कड तशीच, घासलेली नाही, रबर बसवलेलं नाही. कापलेल्या पत्र्याची कड म्हणजे सुरीच. गाडी चालली की सुरी चालणार. जोड हातानं पिळून वर टेप गुंडाळलेला, तोही सुटत आलेला. गाडीच्या बॅटरीकडून येणाऱ्या तारेला फ्यूज दिसेना. माझ्या दुकानात नव्यानं लागलेल्या माणसानं असं काम केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता.

म्हणजे मला दिसलं होतं. हे नीट ऐका. मला कळलं नाही असं नाही, मी घाईत होतो असं नाही. दिसलं, आणि कळलं.

तेवढ्यात मॅनेजर फॉर्म घेऊन आला. ‘वाहन तपासून घेतले, तक्रार नाही.’ राजानं विचारलं, “दाजी, बघितलं ना सगळं?”

आणि मी काय सांगितलं असतं? वायर दाखवायची तर भोक दाखवावं लागलं असतं. भोक दाखवायचं तर हँडल खिशातून काढावं लागलं असतं. तासभर सगळ्यांना दम देणारा मी, आणि माझ्याच खिशातून निघालेलं हँडल! तो टायवाला हसला असता. राजा हसला असता. शिरूरपर्यंत हसू गेलं असतं. बस — एवढंच होतं. याच्यापेक्षा मोठं कारण मी तीन वर्षं शोधतोय, सापडलं नाही.

“एक नंबर,” मी म्हणालो, आणि सही केली. भोक राजाला शिरूरला गेल्यावर दिसलं, तर तो ‘एक हँडल बसवायचं राहिलंच’ म्हणाला, आणि मी मान हलवली.

मनाशी म्हटलं, बीडला गेल्यावर गुपचूप करून टाकू. पाइपचा तुकडा, दोन रबरं, एक फ्यूज — अर्ध्या तासाचं काम. पिशवीही भरून ठेवली होती. ती पिशवी दुकानात खुंटीला लटकत राहिली. रोज बघायचो. रोज म्हणायचो, उद्या. तुम्हाला माहीत असतील असली उद्याची कामं.

दोन आठवड्यांनी पहिली फेरी कपिलधारला. मामी म्हणाल्या, ज्योतिर्लिंगं नंतर, आधी आपल्या देवाला गाडी दाखवू. सकाळी पोचलो. पोरं धबधब्याकडे पळाली, राजा नारळ घ्यायला गेला, शोभा आणि मी बाहेर सतरंजी टाकून बसलो. मामी आत, त्या कपाटाला पाठ लावून, पूजेला बसल्या.

आम्हा लिंगायतांत इष्टलिंग गळ्यात असतं. सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म, बेल, पूजा. आणि मामींचा नेम कडक — पूजा पुरी होईपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही. घरात भांडण होऊ दे, भांडी पडू देत, मामी हलायच्या नाहीत. त्या दिवशी पाठीमागे जळका वास येत होता तेव्हाही त्या हलल्या नाहीत. आम्हाला बाहेर वास आला, आम्हाला वाटलं पूजेचाच. काचेतून काळा धूर दिसला तेव्हा शोभा ओरडत आत घुसली. माझ्या आधी ती घुसली, हेही सांगून ठेवतो. वरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वितळून खाली गळत होत्या, आणि मामींनी डावी मूठ लिंगावर घट्ट आवळून धरली होती. गळणारं सगळं त्या मुठीवर पडलं. लिंगाला काही झालं नाही.

नारळवाल्यांनी माती आणि पाणी टाकून आग विझवली. शोभा मामींना रिक्षात घालून बीडला दवाखान्यात घेऊन गेली. मागं बघ्यांची गर्दी. कुणीतरी म्हणालं, “म्हातारीनं उदबत्ती लावली असंल.” राजाचा चेहरा उतरला. त्यानं आईला दहादा बजावलं होतं, गाडीत उदबत्ती पेटवायची न्हाई म्हणून. तो माझ्याकडे वळला. “दाजी, तुमी बघा बरं. तुमाला कळतंय त्यातलं.”

मी आत गेलो. कपाट जळून उघडं पडलं होतं. पत्र्याच्या त्या कडेवर वायर कापली गेली होती आणि तांबं वितळून टोकाला मोहरीएवढा मणी झाला होता. आग तिथून निघाली, यात शंकेला जागाच नव्हती. मी — सगळ्या जगावर संशय घेणारा — आयुष्यात पहिल्यांदा इतक्या खात्रीनं काहीतरी बघत होतो.

बाहेर आलो आणि म्हणालो, “वायरिंगचं काही दिसत नाही. उदबत्तीच असणार.”

इथं थांबावंसं वाटतंय. पण अजून एक राहिलंय, आणि तेच मला सांगायचं नाहीये.

आत खाली, चिखलात, मामींचं उदबत्तीचं घर पडलं होतं. त्यात उदबत्ती होती. अख्खी. टोक काळं नाही, राख नाही. मामींनी लेकाचं ऐकलं होतं. देवापुढं मान म्हणून नुसती खोचून ठेवली होती, न पेटवता. ती मी उचलली, दोन तुकडे केले आणि मागच्या खिडकीतून ओढ्यात टाकली. बाहेर येऊन ते वाक्य बोललो ते त्यानंतर.

कावून केलं? मला विचारू नका.

दवाखान्यात मामी म्हणत होत्या, “म्या पेटवली न्हाई रे, राजा.” राजा म्हणायचा, “राहू दे आई, जे झालं ते झालं.” कारखान्यानं हात वर केले, कारण सहीचा फॉर्म त्यांच्याकडे होता आणि उदबत्तीची साक्ष आमच्याकडूनच मिळाली होती. गाडी राजाच्या शेतात उभी राहिली, तिच्यात आता कोंबड्या बसतात. ज्योतिर्लिंगांचं नाव पुन्हा निघालं नाही. मामींच्या हाताची जखम भरली, पण बोटं पुरती उघडत नाहीत. तळहात वाटीसारखा राहतो. लिंग पाटावर ठेवून पूजा करतात.

पण खरं दुखणं हात नव्हता. सहा महिन्यांनी त्यांनी मला एकट्याला गाठलं. “जावईबापू, तुमी शिकलेले. मला पक्कं वाटतंय, म्या काडी वढलीच न्हाई. मंग पेटली कशी? माझं डोकं फिरलंय का?”

आणि मी म्हणालो, “मामी, वय झालं की होतं असं.”

त्या दिवसापासून त्या बाईनं स्वतःवरचा विश्वास सोडला. गॅस बंद केला का, नळ सोडलाय का, दार लावलं का — दहादा विचारायच्या. मग सुनेनंच त्यांना गॅसला हात लावू देणं बंद केलं. शोभा रोज बीडहून फोन करून भावजयीला सांगायची, आईवर लक्ष ठेव. मी शेजारी बसून ऐकायचो. आणि मलाच संशय येत राहायचा — शोभा अशी का बघतेय? राजा मध्येच ‘दाजी, ते कपाट उघडंच होतं का वो?’ असं का म्हणाला? मामी भस्म लावताना माझ्याकडे का वळल्या? कुणालाही काही माहीत नव्हतं. चोर मी एकटाच होतो आणि पहाराही मीच देत होतो.

गेल्या महिन्यात राजाचा फोन आला. “दाजी, माझा एक दोस्त हाय, त्याला तशीच घरगाडी घ्यायची हाय, तिथूनच. लहान लेकरं हायेत त्याला. मी म्हनलं, घे बिनधास्त, गाडी लई चांगली व्हती, आमच्या म्हातारीनंच जाळली. तुमी जाता का सोबत बघायला?”

मी फोन ठेवला, खणातून हँडल काढलं आणि घरी येऊन शोभापुढे ठेवलं. सगळं सांगितलं. उदबत्तीसकट. ती भाजी निवडत होती. ती निवडून पुरी केली. मग उठून लुगडं बदललं आणि चपला घातल्या. आम्ही शिरूरची एसटी धरली.

मामी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांच्यापुढे मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. राजा दुकानातून येऊन दारात उभा राहिला होता, ते मला मागून कळलं. सांगून झाल्यावर मी वाट बघत होतो — शिवी येईल, चप्पल येईल. मामींनी हँडल हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

“म्हंजे म्या पेटवली नव्हती.”

“नव्हती, मामी.”

“माझं डोकं ठीक व्हतं.”

“ठीक होतं.”

गाडीचं विचारलं नाही. हाताचंही नाही. राजा अंगणात गेला आणि दोस्ताला फोन लावला. शोभा म्हणाली, “आई, बस, मी च्या टाकते.” मामी म्हणाल्या, “तू बस.” आत गेल्या. काडी ओढल्याचा आवाज आला, मग गॅसचा. सून उठायला लागली, आणि मग आपोआपच बसली. मामींनी सगळ्यांना चहा दिला, मलाही दिला. साखर बरोबर होती.

परतीच्या एसटीत शोभा खिडकीशी बसली. कंडक्टर आला, मी एक पुरं आणि तिचं अर्धं तिकीट काढलं, वाचलं, खिशात घातलं. बीड जवळ येईपर्यंत ती बाहेर बघत होती. मग माझ्याकडे न वळताच म्हणाली,

“तिकिटं काढली का?”

“काढली.”

“दाखवा.”