सेकारचा शेवटचा भाग

जावा बेटावरच्या केदिरीत, आमच्या गल्लीत, पालुपीला न ओळखणारं माणूस सापडायचं नाही. सकाळी तिच्या ओट्यावर पेचेल-भात, म्हणजे उकडलेल्या भाज्या, चटणी आणि भात, खायला रिक्षावाल्यांपासून मास्तरांपर्यंत सगळे येतात. शेंगदाण्याची चटणी अशी वाटते की खाणाऱ्याने बोटं चाटत बसावं. पण जिभेची धारही तशीच. कुणी म्हणालं, "म्बाक, आज तिखट जरा कमी वाटतंय," तर लगेच उत्तर, "मग घरी जाऊन बायकोशी बोल, तिखट भरपूर मिळेल." म्बाक म्हणजे ताई. पन्नाशी उलटली तरी गल्लीला ती ताईच आहे, कारण लग्न तिने केलंच नाही.

कधी कुणी शहाणा विचारायचाच, "म्बाक, तुम्ही मलांगला नर्स होणार होतात म्हणे? मग अडलं कुठे?" यावर मात्र ती चिडायची नाही. पदराला हात पुसायची आणि मान ताठ करून सांगायची, "अडलं कुठेच नाही. मी वाटेत पारेच्या स्टँडवर उतरले आणि परतीच्या बसमध्ये बसले. कुणी थांबवलं नाही, कुणी बोलावलं नाही. माझं मी ठरवलं."

हे वाक्य तिचा दागिना होता म्हणा ना! बाकी तिच्यापाशी होतं काय? ओटा, पाटा-वरवंटा, आणि दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ आंधळा झालेला म्हातारा बाप.

हा बाप, पाक सस्त्रो, म्हणजे बाबा सस्त्रो, एके काळी या भागातला मोठा माणूस. मोठा म्हणजे पैशाने नव्हे. त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत पुस्तकं भाड्याने मिळायची. बांबूच्या फळ्यांवर तलवारीच्या मालिका ओळीने लावलेल्या. पातळ पातळ भाग, दर महिन्याला एक यायचा. सस्त्रो त्याच्या पिना काढायचा, जाड दोऱ्याने शिवायचा, खोक्याच्या पुठ्ठ्याचं कव्हर चढवायचा आणि आत जांभळा शिक्का मारायचा. मग तो भाग गल्लीभर फिरायचा. आणि या धंद्यातली जुनी खोड अशी, की मधले सगळे भाग इमानदारीत परत येतात, शेवटचा येत नाही. महिनोनमहिने वाट बघून हाती आलेला शेवट परत द्यायला कुणाचं मन होतं? म्हणून दुकानदार मंडळी एकमेकांकडून शेवटचे भाग उसने आणायची आणि टाइप करून ठेवायची. आमच्या लहानपणी निम्म्या मालिकांचा शेवट आम्ही टंकलेलाच वाचला. कार्बनची शाई बोटांना लागायची, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

त्या सगळ्यांत एकच मालिका पालुपीची. 'वादळवाटेची सेकार'. सेकार ही कोळ्याची पोर, एका म्हाताऱ्या गुरूकडे तलवार शिकते, आणि गावोगावच्या गुंडांना लोळवत शेवटी बंदरावर येते. समुद्रापलीकडून तिला विद्येचं बोलावणं आलेलं असतं. आम्ही पोरं मारामारीची पानं वाचायचो आणि बाकीची उलटायचो. पालुपी सगळं वाचायची. पाठ म्हणायची. तिच्या आईला ताप आला आणि त्यातच ती गेली, तेव्हा ही पंधरा-सोळा वर्षांची पोर धाकट्या विबोवोला मांडीवर घेऊन सेकारच्याच गोष्टी सांगत बसायची. रडताना कुणी पाहिली नाही.

त्याच वर्षी मलांगच्या नर्सिंगच्या शाळेत तिचा नंबर लागला. बाप काही बोलला नाही. उलट नवी पिशवी आणली. निघायच्या आधी दोन-तीन दिवस दुपारभर त्याचा टाइपरायटर खडखडत होता. निघताना स्टँडवर त्याने पोरीच्या हातात एक भाग ठेवला. "सेकारचा शेवट आलाय, न्दुक. आपल्याला छापील मिळाला नाही, तुळुंगागुंगच्या दुकानातून एका रात्रीपुरता आणून टंकला. वाटेत वाच." न्दुक म्हणजे पोरी. इतक्या मायेने तो तिला क्वचितच हाक मारायचा.

बसमध्ये तिने वाचला. बोटीचे दोर सुटतात, सेकार फळीवर पाय ठेवते, मागे वळून बघते. धक्क्यावर गुरू एकटा उभा असतो. ती पाय मागे घेते, तलवार कमरेची सोडून त्याच्या पायाशी ठेवते आणि म्हणते, "समुद्र कुठे पळून जात नाही. तुम्हाला मात्र माझ्याशिवाय कुणी नाही." पारे येईपर्यंत पालुपीने ते पान कितीदा वाचलं असेल कोण जाणे. पारेला ती उतरली.

घरी आली तेव्हा बाप बाकावर बसला होता. त्याने काही विचारलं नाही, फक्त जरा सरकून जागा दिली. झालं. त्या सरकण्याचं पालुपीने आयुष्यभर कौतुक केलं. "बघा, एका शब्दाने विचारलं नाही त्यांनी. असा बाप मिळायला भाग्य लागतं." दुकान तिनेच पुढे चालवलं, विबोवोला शिकवलं, तो सुराबायाला नोकरीला लागला, टीव्ही आले, फोन आले, पुस्तकं वाळवीने खाल्ली, दुकानाचा पेचेलचा ओटा झाला. त्या टंकलेल्या भागावर आम्ही दोन पिढ्या पोसलो. आम्हा सगळ्यांची सेकार धक्क्यावरून परत आली.

गेल्या वर्षी मास गुनादी, म्हणजे आमचा गुनादीदादा, केदिरीत परत आला. रेल्वेत कारकून होता, आता निवृत्त. जुन्या मालिकांचं याला भारी वेड. सगळी 'वादळवाट' त्याने कुठून कुठून गोळा केली आणि महिन्यातून एकदा आपल्या पडवीत वाचकांची बैठक भरवायला लागला. सोयाबीनच्या वड्यांसारखं तळलेलं तेंपे, काळी कॉफी, आणि पिकल्या केसांची माणसं लहान पोरांसारखी भांडतायत, कुठल्या भागात कुणाचा हात तुटला यावरून. पालुपीला त्याने मुद्दाम बोलावलं, तेही ताई न म्हणता 'बु', म्हणजे बाई, असं मानाने. "बु पालुपी, अहो दुकान तुमचं! तुमच्याशिवाय बैठक कसली?"

आधीचे भाग त्याने तिला घरी वाचायला दिले. इतक्या वर्षांनी ती ते वाचत होती, ओट्यावरचं काम आटोपून, दुपारी, बापाला ऐकू जाईल असं मोठ्याने. "अगंबाई, हे किती रडकं लिहिलंय! आणि ही सेकार दर दोन पानांनी आंघोळ काय करते?" असं म्हणून हसायची. बाप पण हसायचा. मात्र शेवटचा भाग जवळ येत गेला तसा तो म्हणायला लागला, "पुरे आता न्दुक, माझं डोकं दुखतं." तिने काही मनावर घेतलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं डोकं दुखायचंच.

शेवटच्या भागाच्या बैठकीला ती ठेवणीतली कबाया, म्हणजे नक्षीचं लांब पोलकं, घालून गेली. गुनादी म्हणाला, "वाचण्याआधी बु पालुपी तोंडी सांगतील. यांना पाठ आहे."

पालुपीने सांगितलं. आणि काय सांगितलं म्हणता! दोर सुटले, फळी हलली, सेकारने पाय मागे घेतला. पडवीत कुणी तेंपे चावेना. "समुद्र कुठे पळून जात नाही..." म्हणताना तिचा आवाज भरून आला.

बाहेरगावाहून आलेली एक बाई खुदकन हसली. "बु, ही कुठली सेकार हो? आमची तर बोटीत चढली."

"चढली? काहीतरीच!"

"अहो चढली म्हणजे काय, धूम गेली!"

"पारच विसरलात तुम्ही," पालुपी म्हणाली. "वय झालं की असं होतं."

हशा झाला, पण गुनादी हसला नाही. आत गेला आणि पुस्तक घेऊन आला. खोक्याच्या पुठ्ठ्याचं कव्हर. आत जांभळा शिक्का, सस्त्रोच्या दुकानाचा. पानं छापील.

"हा तुमच्याच दुकानातला आहे, बु," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्या वडिलांनीच दिला होता मला. नवा कोरा आला होता, पहिलं गिऱ्हाईक मी."

"आणि परत नाही केलात. शेवटच्या भागाचं असंच होतं," पालुपी म्हणाली. अजून ती हसायचा प्रयत्न करत होती.

"परत करायला गेलो होतो, रेल्वेच्या नोकरीवर निघण्याआधी. दुसऱ्याच दिवशी. पाक सस्त्रो म्हणाले, ठेव तुझ्याकडे, इकडे आणूच नको. मला वाटलं, मालक खुश आहेत आपल्यावर."

पालुपीने उभ्यानेच शेवटची पानं वाचली. त्यात सेकार मागे वळते. पाय मागे घेतेही. आणि गुरू काठी उगारतो. "चढ! धक्क्यावर परत आलीस तर तू माझी कुणी नाहीस. मी काय तुला माझ्या म्हातारपणासाठी शिकवलं?" बोट सुटते. गुरू वळून बघतसुद्धा नाही, बाजारात जाऊन मासे घेतो.

तिने पुस्तक मिटलं आणि "कॉफी छान होती" असं म्हणून ती निघाली. कॉफीला तिने हातही लावला नव्हता.

घरी बाप बाकावर होता. पाय ओढत येणारी चप्पल त्याने ओळखली. "आलीस? लवकर संपली बैठक?"

"गुनादीकडे छापील भाग आहे, पाक. आपल्या शिक्क्याचा."

म्हातारा खाकरला. मग म्हणाला, "तो भाग! मला वाटलं वाळवीने खाल्ला असेल एव्हाना."

मी शेजारीच राहतो. आमच्या दोन घरांत बांबूची भिंत, त्यामुळे कान देऊन ऐकलं असं कुणी म्हणू नये. ऐकू येतं. मला वाटलं, ही आता आकाशपाताळ एक करणार. पण पालुपीचा आवाज चढला नाही.

"तुळुंगागुंगच्या दुकानातून आणला म्हणालात."

"म्हणालो."

"सगळा भाग तसाच टंकलात आणि शेवटची पानं बदललीत."

"चार-पाच पानं," बाप म्हणाला. आणि खरं सांगतो, त्या म्हाताऱ्याच्या आवाजात थोडी ऐटच होती. "वाईट झाली होती का? सगळी गल्ली रडायची वाचून. मूळ शेवटात काय आहे, मासे घेतो! तो काय शेवट झाला?"

"पाक!"

"हे बघ, मी तुला थांब म्हणालो का? एकदा तरी? पिशवी मी आणली. स्टँडवर मी आलो. बसमध्ये मी चढवली."

"हो. आणि मी लोकांना तेच सांगत आले. इतकी वर्षं. ओट्यावर येईल त्याला. बापाने शब्द काढला नाही, माझं मी ठरवलं." ती हसली. "तुम्ही ऐकत बसायचात इथेच. तोंड उघडवलं नाही तुम्हाला?"

"काय बोलायचं होतं मी? तू सुखात होतीस."

"मी मूर्ख होते!"

बाक करकरला, बाप सरळ बसला असावा. "तुझी आई जाऊन तीन महिने झाले होते न्दुक. विबोवो रात्री किंचाळत उठायचा. मला चूल पेटवता येत नव्हती. मी काय करायचं होतं?"

"मागायचं होतं!" आता मात्र तिचा आवाज फुटला. "माझ्याकडे मागायचं होतं, पाक. पोरी, जाऊ नको, मला जमत नाही, एवढं म्हणायचं होतं. मी काय दगड होते? थांबले असते मी!"

"आणि नाही म्हणाली असतीस तर?"

पायरीवर ती मटकन बसल्याचा आवाज आला.

"तुझे डोळे मी पाहिले होते ना. निकाल आला त्या दिवशी," म्हातारा म्हणाला. "मागून नकार ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. सेकारचं तू ऐकशील, हे मला माहीत होतं. माझं ऐकशील याचा भरवसा नव्हता."

मग पालुपी बोलली, अगदी सपाट आवाजात, गिऱ्हाइकाला चटणी संपली म्हणून सांगावं तशी.

"मगाशी मी म्हणाले, थांबले असते. ते उगाच म्हणाले. मला माहीत नाही. कदाचित थांबले असते, कदाचित तुमच्या तोंडावर नाही म्हणून गेले असते. मी कशी मुलगी होते, ते मला आता कधीच कळायचं नाही. तुम्ही ते बघूच दिलं नाहीत. मलासुद्धा नाही."

"न्दुक," बाप म्हणाला.

मी भिंतीच्या फटीतून पाहिलं, त्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा. म्हाताऱ्याने हात पुढे केला होता आणि हवेत चाचपत होता. "न्दुक? आहेस ना इथे? गेलीस का?"

पालुपी समोरच पायरीवर बसली होती, त्याच्यापासून हातभर अंतरावर. तिने ओ दिली नाही.