मुंग्या लागलेल्या करंज्या

“ती बाई किरिस्ताव हाय,” माझी चुलती म्हणाली होती. “गोड बोलून पाण्यात बुडिवत्यात आन् नाव बदलत्यात. तिच्या हातचं काय बी खाऊ नगंस.”

वडील कमी बोलायचे. त्यांनी एवढंच सांगितलं, “काय येगळं दिसलं की दुसऱ्या दिवशी शिक्षान बंद.”

पेठ वडगावजवळच्या आमच्या वाडीतून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, एका निवृत्त नर्सबाईंच्या माडीवरची खोली वडिलांनी पसंत केली होती. एकटी बाई, स्वच्छ घर, भाडं परवडणारं. त्या ख्रिस्ती आहेत हे सामान लावून झाल्यावर, भिंतीवरचा लाकडी क्रूस पाहून कळलं. तोवर दुसरी खोली शोधायला वेळ उरला नव्हता.

जूनपासून मी त्यांच्यावर पाळत ठेवून होते. संध्याकाळी त्या बायबल वाचून प्रार्थना करायच्या. मी जिन्यात उभी राहून ऐकायचे, माझं नाव येतंय का म्हणून. कधी आलं नाही. धर्माचं एक अक्षर त्या माझ्याशी बोलत नव्हत्या आणि त्यामुळंच माझा संशय वाढत होता. घाई नाही म्हणजे डाव मोठा असणार. त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती दिसायची तीही मला शिकून आणलेली वाटायची. पावसाळ्यात मला ताप आला तेव्हा त्यांनी तांदळाची पेज आणून दिली. त्या खाली गेल्यावर मी ती मोरीत ओतली.

डिसेंबरात त्यांनी दारावर कागदी चांदणी लावली आणि नाताळच्या करंज्या तळल्या. ताटलीभर माझ्या हातात दिल्या. टाकायला जीव होईना, खायला धीर होईना. मी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत तळाशी ठेवल्या.

कॉलेजला सुट्टी लागली होती. मी टिपणं पुरी करून नाताळच्या दुपारच्या एसटीनं घरी जाणार होते. आदल्या दिवशी खिडकीतून पाहिलं, बाई फराळाचं ताट घेऊन शेजारणीच्या दारात उभ्या होत्या. नळावरून दोघींची वर्षभर भांडणं चालायची.

“आलीस व्हय?” शेजारीण म्हणाली. “नळाचं इसरलीस?”

“इसरले न्हाय, म्हणून तर आले.”

दोघी हसल्या. थोड्या वेळानं बाई जिना चढून माझ्या दारात आल्या.

“तुझी माफी मागायचीय,” त्या म्हणाल्या. “तू राहायला आलीस तेव्हा महिनाभर, तू कॉलेजला गेलीस की मी चमचे मोजायचे. उगीचच. आणि गेल्या आठवड्यात मुंग्यांची रांग दिसली म्हणून तुला न विचारता ट्रंक उघडली. करंज्या बघितल्या. तेव्हापासून तुझ्यावर राग धरून आहे. उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन आहे, आणि आमच्यात त्याच्या आधी मनातलं मिटवावं लागतं.”

पुढचं वाक्य ‘आता उद्या चर्चला ये’ असं असणार, म्हणून मी वाट पाहिली. ते आलंच नाही. मोठ्या माणसानं लहानाची माफी मागितलेली मी घरात कधी पाहिली नव्हती. हा कसला डाव? मी मान खाली घालून पुस्तकाचं पान उलटलं. “बरं,” म्हणून त्या खाली गेल्या.

नाताळच्या सकाळी मी त्यांच्या मागोमाग चर्चमध्ये गेले ते संशयानंच. आधी बुडवायचा हौद कुठं दिसतो का ते पाहिलं. मग ओढणी डोक्यावर घेऊन बायकांच्या बाजूला, त्यांच्या मागं बसले. पेटी-तबल्यावर गाणी झाली. शेवटी प्रभुभोजनासाठी लोक ओळीनं उठून पाळकांपुढं भाकरीचा तुकडा आणि छोटा प्याला घ्यायला जाऊ लागले. बाई उठल्या नाहीत.

“उठा की, सिस्टर,” त्यांच्या बाजूला बसलेल्या एकीनं कोपर लावलं.

“आज नाही. माझं एक मिटलेलं नाही.”

मला बसवेना. वडिलांना कुणी सांगितलं तर कॉलेज संपलं, हे डोक्यात होतंच. तरी सरकत पुढं जाऊन मी त्यांच्या शेजारी बसले.

“मावशी,” मी म्हणाले. तोवर मी त्यांना ‘बाई’च म्हणत होते. “मला बी तुमचा संशय हुता. तापात दिलेली पेज मी मोरीत ओतली.”

“ठाऊक आहे. मोरी मीच धुते की.”

मला हसू आलं आणि रडूही. “मग जावा की. रांग संपंल.”

त्या सगळ्यात शेवटी गेल्या. मी तिथंच बसून राहिले. जूनपासून पहिल्यांदाच मी कुणावर पाळत ठेवून नव्हते.

त्याच संध्याकाळी मी वाडीत पोचले तेव्हा गोठ्यात वडील धार काढत होते. “आबा, मी आज चर्चात गेलते. तुमास्नी न सांगता. चुकलं माझं.”

त्यांचे हात थांबले नाहीत. “बुडिवलं?”

“न्हाय.”

“मग गेलतीस कशाला?”

मी सगळं सांगितलं, चमचे आणि पेजेसकट. बादली भरत आली.

“एवढ्या मोठ्या बाईनं तुझी माफी मागितली?”

“व्हय.”

“जाताना तिला खरवस घिऊन जा,” ते म्हणाले आणि बादली उचलून निघाले.

त्या सकाळी चर्चमध्ये मला वाटलेल्या शांतीवरही मी पुढं कित्येक वर्षं संशय घेतला. गाण्यांमुळं वाटलं असेल, रडल्यामुळं वाटलं असेल. पण दर नाताळला चर्चमध्ये ती परत सापडायची आणि हळूहळू मधल्या महिन्यांतही टिकू लागली. नोकरी लागल्यावर, वडिलांना आधी सांगून, मी बाप्तिस्मा घेतला. चुलतीचं निम्मं खरं झालं: पाण्यात उतरले, नाव मात्र तेच राहिलं.

चुलती दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. आता बोलते. नाताळच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडं करंज्यांचा डबा घेऊन जाते, वर्षभरात काही चुकलं असेल तर मागच्या अंगणात बसून सांगते. ती डबा घेते आणि आत ठेवून येते. खाते की नाही, ठाऊक नाही. मी मुंग्या बघायला जात नाही.